तीनबोटे आणि माझी मूठ

जालन्याच्या त्या जर्देवाल्यावर माझा राग आहे. तो जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजलेलं नाही, पण राग आहे तसा आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे, कारण वाईट बोलावं असं त्याच्यात फारसं काही नव्हतं. माझी खरी अडचण तीच आहे. वाईट माणसावरचा राग माणूस कुठंतरी काढून मोकळा होतो. याच्यावरचा कुठं काढावा ते मला अजून कळलेलं नाही.

बाजार त्याला तीनबोटे म्हणायचा. हे आडनाव नव्हे. हाताला बोटं पाचच होती आणि तीही चांगली लांबसडक. नाव पडलं ते त्याच्या दुकानातल्या रिवाजामुळं. तोंडावर मात्र सगळे त्याला मामा म्हणत.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या पुलाकडं उतरताना डाव्या हाताला त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. पाटी नव्हती. तिची गरजही नव्हती, कारण वासानं माणूस बरोबर पायरीशी येऊन थांबे. जर्दा शिजत असला की लवंग-वेलदोड्याचा वास यायचा आणि गल्ली लग्नघरासारखी वाटायची. ज्या दिवशी खापरावर मिसरी भाजायला घेई, त्या दिवशी शेजारचा कापडवाला एक फळी लावून घ्यायचा आणि खोकत खोकत शिव्या द्यायचा. तीनबोटे त्याला आतूनच हात जोडायचा आणि भाजणं चालू ठेवायचा.

आत फळीवर बरण्या होत्या. शेतकऱ्यांसाठी जाड पत्ती, चुना लावून तळहातावर मळायची. पान खाणाऱ्यांसाठी जर्दा. हवेल्यांतल्या आणि कचेऱ्यांतल्या लोकांसाठी किमाम, म्हणजे तंबाखूचा आटवलेला काळा लेह, काडीच्या टोकावर घेऊन पानाला लावायचा. म्हाताऱ्यांसाठी तपकीर. आणि बायकांसाठी मिसरी, भाजून काळी केलेली, कुटून वस्त्रगाळ केलेली, बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना घासायची. त्याचं एक बोलणं मला आठवतं. पत्ती ओठाखाली बसते, जर्दा पानात लपून येतो, किमाम जिभेला चिकटतो. "सगळ्यात गरीब दिसती ती मिसरी," तो म्हणे, "आन् सगळ्यात आत शिरती ती बी तीच."

दुसरं एक बोलणं होतं. तंबाखू ही पाव्हणी आहे. तिला ओसरीवर बसवावं, पानसुपारी द्यावी, वाटेला लावावं. माजघरात नेऊ नये.

आता रिवाज सांगतो. पायरीवर पितळी तपेल्यात कडुनिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी ठेवलेलं असे. गिऱ्हाइकानं त्यात हात धुवायचे. मग आपलीच तीन बोटं एकावर एक, शिडीसारखी उभी धरून पुढच्या दातांमधून तोंडात घालायची. तीन गेली तर मागेल तो माल मिळे. दोनच गेली तर अर्धा माल आणि महिन्यानं पुन्हा यायचा हुकूम. एकच गेलं तर माल नाही. त्याला कागदात बांधून धन्याची डाळ मिळे, फुकट.

नवखा माणूस हसायचा, कोणी चिडायचा. जुनी गिऱ्हाइकं मात्र देवळाबाहेर जोडे काढावेत तितक्या सहज तोंडात बोटं घालायची. बाजाराच्या दिवशी जाफराबादकडचे शेतकरी रांगेनं पायरीवर बसत, बोटं तोंडात घालून, आपली पाळी यायची वाट बघत. वाटेनं जाणाऱ्याला वाटे, इथं एकजात सगळ्यांच्या दाढा दुखताहेत.

कोणी "काहून?" म्हणून विचारलं की तो काम बाजूला ठेवून तासभर सांगायचा. बाप त्याच धंद्यातला. त्याच्या हातचा किमाम दूर हैदराबादेपर्यंत जायचा. बाप दिवसभर चाखत बसे. आधी त्याला मोठा घास जाईना, मग पान जाईना, मग बोलणं बोबडं झालं. शेवटचे दोन महिने कापसाचा बोळा दुधात भिजवून तो ओठांच्या फटीत पिळावा लागला. ते काम या एकुलत्या एक मुलाकडं होतं. बोळा घालताना त्याच्या बोटांना रोज कळत गेलं की तोंडाचं दार कितीनं लागलं. तीन, मग दोन, मग एक. मोजमाप तो तिथं शिकला. धंदा मात्र सोडला नाही. सोडला तर लोक दुसरीकडून घेतील आणि तिथं बोटं कोणी मोजणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मी हे ऐकलं तेव्हा मला ते सोंग वाटलं. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार म्हणजे मालाची किंमत वाढवणारा दुकानदार, एवढं मला कळत होतं.

एकदा तहसिलीतले एक पेशकार, म्हणजे कचेरीतले मोठे कारकून, किमाम घ्यायला आले. शेरवानी, कानात अत्तराचा फाया, मागं चपराशी. तीनबोट्यानं तपेल्याकडं हात केला. पेशकारांना ही गंमत वाटली. त्यांनी अंगठी काढून चपराशाकडं दिली, हात धुतले आणि बोटं तोंडाला लावली. दोन गेली, तिसरं मिशीपाशी अडलं. तीनबोट्यानं धन्याच्या डाळीची पुडी आणि अर्धाच किमाम पुढं सरकवला.

सरकारी माणसाला असं वागवतोस का, असं पेशकार चढ्या आवाजात म्हणाले.

"हुकूम सरकारचा हाये साहेब, दुकानावर चालंल," तीनबोटे म्हणाला. "गालावर न्हाई चालत."

पायरीवरचे शेतकरी तोंडातली बोटं काढून हसले. दुसऱ्या दिवशी चपराशी एकटाच आला. तीनबोट्यानं त्यालाही हात धुवायला लावले. तीन बोटं आरामात गेली. "तुझ्या तोंडात चार बी जातील," तो म्हणाला, "पर खानारं तोंड कोन्चं?" आणि त्यालाही वाटेला लावलं. आता पेशकार याचं दुकान बंद करणार म्हणून बाजार वाट बघत बसला. आठवड्यानं पेशकार स्वतः आले, बाजार पांगल्यावर, चपराशी न घेता. आत चटईवर बसले आणि हळू आवाजात विचारलं की का. तीनबोट्यानं त्यांना बापाची गोष्ट सांगितली. त्यानंतर ते दर आठवड्याला येत आणि डाळीची पुडी घेऊन जात.

मी हा किस्सा परतूरच्या बाजारात कितीतरी वेळा सांगितला, लोकांना हसवलं. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट माझ्या नजरेतून निसटली. ती कोणती, ते पुढं येईल.

मी शेतकऱ्याच्या घरातला. बाप लहानपणीच गेला, वाटुरकडची जमीन चुलत्यांकडं राहिली. मायनं लोकांच्या रानात कापूस वेचून मला वाढवलं. पुढं मी डोक्यावर गाठोडं घेऊन आठवडी बाजार केले. हळद, मिरची, पत्ती. गाठोड्याचं घोडं झालं, घोड्याचं परतूरला दुकान झालं. हे सगळं मी बोलीवर केलं. माझ्याइतकी घासाघीस करणारा आणि माझ्याइतका लवकर तापणारा माणूस त्या बाजारात नव्हता. माझ्याशी सौदा करायचा तर पोटभर न्याहारी करून जावं, असं लोक म्हणत. मला ते आवडायचं.

दुकान झालं तेव्हा मला तीनबोट्याचा जर्दा हवा होता. सकाळच्या गाडीनं जालन्याला गेलो. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं आणि खांद्यावरचा धुवट रुमाल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. रुमालाखाली बोटं धरून भाव करायची पद्धत सगळ्या बाजारांत होती. चार लोक बघत असतात, भाव फुटू नये म्हणून. पण इथं दुकानात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, मामा, कोणी नाही, बोलूनच टाकू.

"बोललं की मानूस तावात येतो, भाऊ," तो म्हणाला. "बोटाला ताव येत न्हाई."

मी त्याची बोटं धरून बोली सांगितली. त्यानं माझी बोटं एकेक करून दुमडली, त्यांची मूठ केली आणि वरून हलकेच दाबली. मूठ झाकली म्हणजे सौदा नाही. पण व्यापाऱ्याच्या जातीला 'नाही' असं काही असतं हे मी मानतच नव्हतो. माझ्या लेखी झाकलेल्या मुठीचा अर्थ एकच होता, वाढव.

पुढच्या आठवड्यात गेलो, वाढवलं. मूठ. तिसऱ्या आठवड्यात आणखी वाढवलं. या वेळी मूठ करता करता तो थांबला आणि तोंडानं विचारलं, "इकनार कोनाला?"

मागेल त्याला, मी म्हणालो.

"आन् तीन बोटं?"

मी पाहिलं की म्हातारा इथं अडलाय. म्हणालो, "बिलकुल मामा. मोजल्याबिगर पुडी सोडणार न्हाई."

 मग त्यानं माझी बोटं धरून भाव सांगितला. ती माझीच पहिल्या आठवड्याची बोली होती.

गाडीत मी एकटाच हसत होतो. तीन आठवडे वाढवलेली बोली सोडून पहिल्यावर येणारा व्यापारी मी जन्मात पाहिला नव्हता. घरी येऊन मायला सांगितलं, तीही हसली. चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं पदराआड तोंडात बोटं घालून बघितली. "जातात की तिन्ही," म्हणाली.

बोटं मोजायचं वचन मी दोन बाजार पाळलं. लोक हसून शेजारच्या दुकानात गेले. तिसऱ्या बाजाराला मी तपेलं उचलून आत ठेवलं. त्यानंतर महिनाभरानं तीनबोटे न सांगता परतूरला आला. माझ्या दुकानासमोर निंबाखाली गर्दीत उभा राहिला, बघितलं, आणि रामराम न करता स्टेशनाकडं चालू लागला. पुढच्या खेपेला त्यानं मला निम्माच जर्दा दिला. मी समजलो, म्हाताऱ्याला भाव वाढवून हवाय. मी बोली वाढवली. त्यानं मूठ झाकली आणि निम्माच दिला. का निम्मा, हे मी विचारलं नाही. मला ते ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

आता मायचं सांगायला हवं.

माय पहाटे उठून मागच्या दारात बसे, डाव्या तळहातावर मिसरी आणि उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात. नजर कुठंतरी लांब. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचं नाही. सून नाही, मी नाही. मी बाजारात कोणाला भीत नसे, पण त्या वेळी मायच्या पुढून जाताना पाय न वाजवता जायचो. कापसाच्या रानात उपाशीपोटी वाकून असताना मिसरीनं तिची भूक मारली होती. आता भूक मारायची गरज नव्हती, पण तिच्या सगळ्या दिवसात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. तो तिच्याकडून कोणी घेऊ शकलं नसतं.

ती मिसरी तीनबोट्याचीच वापरायची. शेजारणींबरोबर दोन-तीन महिन्यांतून एकदा जालन्याला जाऊन स्वतः आणायची. मग एकदा म्हणाली, "आता माझ्यानं गाडीत चढनं व्हत न्हाई. तूच आन."

मी जर्द्यासाठी जायचोच. गेलो. मिसरी मागितली. तीनबोट्यानं विचारलं, "कोनासाठी?"

"मायसाठी."

त्याचा हात बरणीपर्यंत गेला होता, तो परत आला. तो माझ्यासमोर बसला. रुमाल काढून हातांवर टाकला. मला वाटलं, हा मिसरीच्या चार पुड्यांसाठी सुद्धा बोली करतो. ठीक आहे. मी नेहमीचा भाव धरला. त्यानं मूठ झाकली. मी वाढवला. त्यानं मूठ झाकली. मी हट्टाला पेटलो आणि जितक्यात जर्द्याची अख्खी गोणी आली असती तितकी बोली धरली. त्यानं माझी मूठ झाकली आणि या वेळी सोडली नाही. आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. त्याचे हात गार होते, हे मला आजही आठवतं.

मी हात हिसकावून घेतला आणि उभा राहिलो. पायरीवर दहा-बारा लोक होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. म्हणालो, कळलं मला. माझ्या मायला इथं पायरीवर आणून तुझ्यासमोर तोंड उघडायला लावायचंय तुला. मी पेशकार नाही आणि माझी माय तमाशा नाही. आणखीही बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. ज्याला आठ वर्षं मामा म्हणत आलो, त्याला त्या दिवशी अरे-तुरे केलं.

 त्यानं धन्याची डाळ कागदात बांधली आणि पुडी माझ्यासमोर ठेवली. मी ती उचलून रस्त्यावर फेकली.

घरी येऊन मी सगळं मायला सांगितलं. तिच्या बाजूनं भांडून आलो होतो, तिनं ऐकून खूश व्हावं असं मला वाटत होतं. तिनं पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "जाऊ दे. म्हातारा मानूस हाये." एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

पण मी जाऊ देणाऱ्यांतला नव्हतो. मी उत्तम पत्ती निवडून आणली. परसात खापर मांडलं, स्वतः उभा राहून भाजून घेतली, कुटून घेतली आणि माझ्याच नव्या धोतराच्या तुकड्यातून गाळली. तीनबोट्यापेक्षा बारीक झाली. डबा भरून मायपुढं ठेवला. सव्वा वर्ष तिला मिसरी कमी पडली नाही. डबा अर्धा झाला की मी पुन्हा खापर मांडायचो. हे माझ्या हातांनी केलंय.

आमच्याकडं बायका सगळ्यांच्या मागून जेवतात. आपली माय जेवते कशी, हे लेकाला दिसत नाही. सून तिच्या शेजारी बसे, पण मायनं तिला दाताचं कारण सांगितलं होतं. भाकरी दुधात कुस्करून, मग नुसतं दूध, मग पेज. दात गेले की म्हातारी माणसं असंच खातात, यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. एका पहाटे मी मागच्या दारातून जाताना पाहिलं, मायचं बोट ओठांपाशी अडलं होतं. ती ते आत घालायला बघत होती आणि ते जात नव्हतं.

मी तिला त्याच दिवशी जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पदर बाजूला करायला सांगितला, गालाला बाहेरून हात लावला, दिव्यानं बघितलं. मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ आतून पसरली आहे आणि आता करण्यासारखं काही राहिलेलं नाही. दीड वर्षामागं दाखवलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असंही ते म्हणाले. मी त्यांच्याशीही भांडलो. 

जायच्या आधी काही दिवस मायला थोडं बोलता येत होतं. एका दुपारी तिनं मला जवळ बसवलं. शब्द अर्धे अर्धे येत होते, पण कळत होते.

"त्या जर्देवाल्याला बोलू नको," ती म्हणाली. "त्यानं माझी बोटं मोजली व्हती. शेवटच्या खेपंला. दोनच गेली. तवाच म्हनला, लेकाला सांग, दवाखान्यात जा."

"मंग?"

"म्या शपथ घातली त्याला. लेकाला सांगू नको म्हनून."

"माय, काहून पन?"

 ती म्हणाली, "तू मिसरी बंद केली असती."

राज्य बदलायच्या आदल्या वर्षी ती गेली.

तेरावं झालं आणि मी जालन्याला गेलो. त्याला काय काय बोलायचं ते गाडीत घोकत होतो. तीनबोटे चटईवर बसून सावलीत वाळत घातलेला जर्दा उलथत होता. माझं मुंडण केलेलं डोकं बघून त्याचा हात थांबला. मागच्या फळीवर माझी नजर गेली. मिसरीची बरणी जागेवरच होती, पण तिच्यात आता धन्याची डाळ होती.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"व्हतं."

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

त्यानं जर्द्यातला हात काढला, धोतराला पुसला. "आज इचारलं," तो म्हणाला. "हे त्या दिशी इचारायचं व्हतं, भाऊ."

मला काही कळेना. तो सावकाश बोलत राहिला. मायनं शपथ घातली तेव्हा त्यानं तिला एक सांगून ठेवलं होतं. माउली, मी होऊन सांगणार नाही, पण लेकानं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. माय कबूल झाली होती. लेक काही विचारायचा नाही, असं ती म्हणाली होती. मी आलो, तेव्हा तो माझ्या एका प्रश्नाची वाट बघत होता. या दुकानातून हात हलवत गेलेल्या प्रत्येक माणसानं त्याला विचारलं होतं की का देत नाही. पेशकारानं विचारलं होतं, चपराशानं विचारलं होतं, अंगठा लावणाऱ्या शेतकऱ्यानं विचारलं होतं.

"तीनदा मूठ झाकली तुमची," तो म्हणाला. "तुमी बोली वाढवून राह्यले."

"माझी माय मरत होती," मी म्हणालो, "आणि तू माझ्या प्रश्नाची वाट बघत बसला?"

याचं उत्तर तो देईल, वाद घालेल, मला तापायला जागा मिळेल, असं मला वाटलं.  तो म्हणाला, "ते बी खरं हाये. म्या बी सोताला तेच इचारून राह्यलो रोज." आणि पुन्हा हात जर्द्यात घातला. चटईवरचा जर्दा नुसताच इकडून तिकडं होत होता.

मी उठून आलो. त्यानंतर त्याचं तोंड मी पाहिलं नाही. नवं राज्य आलं, नाणं बदललं, आणि एका बाजारात जालन्याहून आलेल्या कापडवाल्यानं सांगितलं की तीनबोटे गेला, झोपेत गेला, आणि सकाळी त्याच्या मुलीनं पाहिलं तेव्हा तोंड चांगलं उघडं होतं. कापडवाला हे हसत सांगत होता. मी हसलो नाही.

त्या दिवसापासून मी तंबाखू विकणं सोडलं, असं लिहिलं तर शोभून दिसेल. सोडलं नाही. आणखी दोन वर्षं विकली, दुकान तिच्यावर उभं होतं. मग हळूहळू कमी करत धान्याकडं वळलो. पुढं परसातलं खापर मी फोडलं, पण तेही फोडायचं म्हणून फोडलं नाही, हातातून पडलं.

मी खूप वेळा हिशेब मांडून बघितला आहे, पैशाचा नव्हे. शपथ मायनं घातली. पाळली त्यानं. मिसरी भाजली मी. यातलं जास्त वजन कोणाकडं जातं? बाजारात मी दाणा हातात घेऊन पोत्याचं वजन सांगतो, इथं मला तराजू धरता येत नाही. माणसाला जीभ असते. शपथेपेक्षा जीव मोठा, हे त्याला कळायला हवं होतं. हे मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

पण त्यानं माझ्या धंद्याचं एक कायमचं नुकसान करून ठेवलं आहे, तेही सांगून टाकतो. आता मी म्हातारा झालो तरी बाजारात जाऊन बसतो. अजून काही जुने व्यापारी रुमाल टाकतात. मी बोटं धरतो, बोली सांगतो. समोरच्यानं माझी बोटं दुमडून मूठ केली की पूर्वी माझ्या अंगात बळ यायचं. आता माझा हात गार पडतो. रुमालाखाली सगळ्या आकड्यांना बोटं आहेत, पावलीला आहे, अर्ध्याला आहे. 'का' विचारायला बोट नाही. मग मी रुमाल बाजूला करतो आणि चारचौघांत तोंडानं विचारतो, "काहून?"

बाजार हसतो. भाव फुटतो, सौदा मोडतो. पोरसवदा व्यापाऱ्यांना हे ठाऊक झालं आहे आणि ते मुद्दाम माझी मूठ झाकतात. झाकू देत. मी उत्तर मिळेपर्यंत जागचा हलत नाही.